दोन अंगठ्यांचे हातमोजे

मित्रांनो, मला पाहिलेत तर तुम्ही आधी शोभेची वस्तूच समजाल. कॅनडातल्या गिमली गावात दर उन्हाळ्यात आइसलँडच्या वंशजांचा उत्सव भरतो. तेव्हा मला मंचाच्या एका कोपऱ्यात आणून ठेवतात. लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात. मुले माझे चाक फिरवायला येतात, पण ते फिरत नाही. कुणाचे बोट अडकू नये म्हणून समितीने त्यात एक खिळा ठोकला आहे. मी लोकर कातायचा चरखा आहे. वयाने मी या गावाहून मोठा आहे, आणि आता फार थकलो आहे. कामाने थकलो असे म्हणू नका. काम होते तोवर मला थकवा ठाऊकच नव्हता. बसून बसून, आणि वर्षानुवर्षे तेच तेच ऐकून मी थकलो आहे.

माझा जन्म आइसलँडच्या पूर्व किनाऱ्यावरचा. त्या देशात झाडे नावालाच. माझे लाकूड समुद्रात वाहून आलेले. कोणत्या मुलखातले, देव जाणे. ओद्नी नावाच्या मुलीच्या वडिलांनी ते किनाऱ्यावरून ओढून आणले, दोन उन्हाळे वाळवले आणि तिच्या लग्नासाठी मला घडवले. ते गावातले नामांकित सुतार नव्हते. माझा एक पाय आजही किंचित आखूड आहे. त्याखाली चपटा दगड ठेवून ओद्नी म्हणायची, "बाबांनी घाई केली. मला लवकर घालवायचं होतं ना त्यांना!" आणि मग चाक फिरवणाऱ्या पायपट्टीवर पाय ठेवून गाणे गुणगुणत कातायला बसायची. तिच्या पायाला एक ठेका होता. तो मला आजही आठवतो.

मग एका वर्षी डोंगर फुटला. कुरणांवर राख पडली, मेंढ्यांना चारा उरला नाही, आणि माणसांनी सामान बांधले. ओद्नीचा नवरा इंग्याल्ड म्हणाला, "चरखा कशाला? तिकडे मेंढ्या तरी आहेत का?" ओद्नी म्हणाली, "मेंढ्या नसतील तर लोकर घेऊन जाऊ." आणि तिने खरोखरच लोकरीचे एक पोते आणि सुटे केलेले माझे तुकडे जहाजात चढवले. दोन लेकरे बरोबर होती. कारी चार वर्षांचा, आणि थोरा अंगावर पिणारी.

अशा रीतीने आम्ही कॅनडात, या अफाट तळ्याच्या काठी आलो. लाकडी ओंडक्यांची एक खोली. भिंतींच्या फटींत शेवाळ आणि चिखल. आमची माणसे समुद्रावरची. होडी आणि लाट त्यांना हाताच्या रेषांसारखी पाठ. पण हे तळे हिवाळ्यात गोठून दगड होते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. पैसा मिळवायला इंग्याल्ड दूर दक्षिणेला मजुरीवर गेला. ओद्नी, दोन लेकरे आणि मी मागे राहिलो.

पहिली थंडी पडायच्या आत एक बाई दारात उभी राहिली. थोडे उत्तरेला, नदीच्या मुखाशी, सोल्तो या इथल्या मूळ रहिवाशांची वस्ती होती. हे तळे, हा किनारा त्यांचाच. ती तिथली होती. पाठीवर एक लहान मुलगी, हातात दोरीत ओवलेले पांढरे मासे. तिला आमची भाषा येत नव्हती आणि ओद्नीला तिची. तिने मासे उंबऱ्यावर ठेवले, कारीच्या वाळलेल्या दंडाकडे पाहिले आणि स्वतःच्या पोटावर हात फिरवून तोंड वेडावले, म्हणजे, या पोराला खायला घाल. ओद्नी हसली आणि रडलीही.

त्याच दिवशी ओद्नीने पोत्यातली लोकर काढली. पिंजली, माझ्यावर कातली, आणि सुया घेऊन विणायला बसली. आमच्या कोळ्यांचे हातमोजे असतात तसे तिने विणले, जाड, आणि एकेका मोज्याला दोन अंगठे. वल्ह्याने तळवा झिजला की मोजा उलटा फिरवायचा आणि दुसरा अंगठा वापरायचा. ती बाई पुन्हा आली तेव्हा ओद्नीने ते तिच्या हातात दिले. तिने एक मोजा घातला. रिकाम्या अंगठ्याकडे पाहिले. आपली बोटे मोजली. मग ओद्नीचा हात ओढून तिचीही बोटे मोजली, या गोऱ्या बायकांना एक अंगठा जास्त असतो की काय ते बघायला! दोघी एवढ्या हसल्या की झोपलेली थोरा दचकून उठली.

पुढे तळे गोठले तेव्हा त्याच बाईने ओद्नीला बर्फाखाली जाळे लावायला शिकवले. एक भोक पाडायचे, लांब काठीला दोरी बांधून बर्फाखालून सरकवायची, आणि पुढच्या भोकातून ओढून घ्यायची. बर्फावरून परत येताना तिच्या हातात ते मोजे असत. ती यायची तेव्हा लांबूनच ओरडायची, "ओनी! ओनी!" ओद्नीच्या नावातला अर्धा भाग तिच्या तोंडातच राहायचा. त्या हाकेची आमच्या घराला सवय लागली होती.

आणि मग देवी आल्या. आमच्याच माणसांबरोबर आल्या. प्रवासात घेतलेल्या कुणाच्या तरी कपड्यांतून म्हणे. एकेका घरातून तापात कण्हण्याचा आवाज येऊ लागला. सरकारने दक्षिणेच्या वाटेवर पहारा बसवला. आत कुणी नाही, बाहेर कुणी नाही. इंग्याल्ड पलीकडे अडकला. आमच्या घरात आधी कारीला ताप आला, मग थोराच्या अंगावर फोड उठले.

ती बाई मासे घेऊन आली. ओद्नी दारातूनच किंचाळली, "नको! येऊ नकोस! जा!" हातवारे केले, स्वतःच्या चेहऱ्यावर बोटे टेकवून दाखवली. बाईला कळले. ती मागे सरली, लाकडे फोडून दाराशी रचली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाकडे होती. तिसऱ्या दिवशी ओद्नीला उभे राहवेना. ती माझ्या पायाशी जमिनीवर बसली आणि तिथेच तिला ग्लानी आली. थोरा रडत होती. दार उघडून ती बाई आत आली. तिने थोराला उचलले, शेगडीत लाकूड सारले, आणि रात्रभर त्या पोरीला मांडीवर घेऊन बसून राहिली. सकाळी ओद्नीला जाग आली तेव्हा थोराचा ताप उतरत होता. बाई निघून गेली होती.

त्यानंतर ती आली नाही.

कारी चारच दिवसांनी गेला. जमीन लोखंडासारखी गोठलेली, खणणार कोण? त्याची छोटी पेटी कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचवायला छपरावर ठेवावी लागली, वसंतापर्यंत. ओद्नी त्या छपराखाली राहिली, थोराला पाजत, शेगडी जागती ठेवत. पोत्याच्या तळाशी थोडी लोकर होती. ती कारीच्या पायमोज्यांसाठी राखलेली. एक दिवस ओद्नीने ती बाहेर काढली आणि माझ्यासमोर बसली. मित्रांनो, त्या दिवशी तिच्या पायाला ठेका नव्हता. चाक मध्येच थांबायचे, मग एकदम धावायचे. धागा गाठाळ झाला. त्याचे तिने बाईच्या पाठीवरच्या त्या लहान मुलीच्या मापाचे हातमोजे विणले. दोन-दोन अंगठ्यांचे.

वसंतात पायांत बळ आल्यावर ती ते घेऊन, थोराला पाठीशी बांधून, नदीच्या मुखाकडे चालत गेली. संध्याकाळी परत आली ती हातमोजे हातात घेऊनच. थोराला तिने मांडीवर घेतले. मग, घरात दुसरे कुणी नसताना, मोठ्याने म्हणाली, "तिथं आता कुणी नाही. घरंसुद्धा ठेवली नाहीत. रोग पसरू नये म्हणून जाळली."

त्या उन्हाळ्यात पहारा उठला, इंग्याल्ड आला. घरातली प्रत्येक वस्तू उकळत्या पाण्याने आणि साबणाने घासली गेली. माझ्यावरचा निळा रंग त्यात गेला. पुढे मेंढ्या आल्या, गाव वाढले, आणि मला उसंत राहिली नाही. तळ्यावर मासेमारी करणारे लोक ओद्नीकडे हातमोजे मागायला येत. "ओद्नीचा धागा तुटत नाही," असे ते म्हणत. माझे ते दिवस चांगले गेले. मी खोटे कशाला बोलू?

आता रुनाविषयी सांगतो. रुना ही थोराची मुलगी, ओद्नीची नात. थोराचे लग्न होऊन घर भरले तेव्हा ओद्नी आणि मी तिच्याकडेच राहत होतो. ओद्नी कातायची आणि छोटी रुना शेजारी बसून लोकर पिंजायची. तिथेच ओद्नीने तिला सगळे सांगितले. मासे, जाळे, मोजलेली बोटे, ती रात्र. आजीला आमच्या भाषेत अम्मा म्हणतात. एकदा रुनाने विचारले, "अम्मा, ती आजारी कशी पडली?"

"आजार आम्ही आणला," ओद्नी म्हणाली. "तिने मासे आणले."

थोरा तेव्हा ओट्याशी केक करत होती, सुक्या आलुबुखारच्या सारणाचा, सात थरांचा. ती तिथूनच कडाडली, "आई, पुरे! पोरीच्या डोक्यात काय भरतेस? उद्या शाळेत जाऊन सांगेल, आमच्या माणसांनी लोकांना मारलं!"

"मारलं असं कुठं म्हणते मी? मेली एवढंच म्हणते."

"नकोच ते. सगळे म्हणतात, इथं कुणी नव्हतं, नुसतं रान होतं. तसंच राहू दे."

ओद्नीने माझे चाक थांबवले. "थोरा, ज्या मांडीवर तुझा ताप उतरला, ती रानाची नव्हती."

थोरा पुन्हा केककडे वळली. तिच्या गालांवर देवीचे वण होते आणि ती ते आयुष्यभर पावडरीखाली झाकत आली होती. त्या दिवशी केकचा एक थर तिच्या हातून जळला. आमच्या घरात ती गोष्ट पुन्हा मोठ्याने कुणी काढली नाही. ओद्नी वारली, मला माळ्यावर टाकले. उंदरांनी माझ्या चाकावरची दोरीची माळ कुरतडली, धागा गुंडाळणाऱ्या चातीला गंज चढला. तिथे मी किती वर्षे होतो, मोजलेली नाहीत.

थोरा गेल्यावर रुनाने मला खाली आणले. तोवर ती स्वतःच म्हातारी होऊ लागली होती. तिला कातता येत नव्हते. तिच्या पिढीला दुकानातली लोकर मिळत होती. ती मला फक्त पुसायची आणि खिडकीजवळ ठेवायची. एकदा तिने मला संग्रहालयाला देऊ केले. तिथला माणूस नम्रपणे म्हणाला, "बाई, प्रत्येक घरातून चरखा येतोय. ठेवायला जागा कुठे आहे?" तेव्हापासून उत्सवाची समिती मला दर वर्षी उसने नेऊ लागली. वार्निश लावले, खिळा ठोकला, आणि मी मंचावरचे सामान झालो.

त्या मंचावर मी किती भाषणे ऐकली! बोलणारे बदलत, भाषण तेच. आमचे पूर्वज आले तेव्हा इथे कुणी नव्हते. नुसते रान आणि तळे. त्यांना कुणाची मदत नव्हती. मी कोपऱ्यात उभा असे. मला तोंड असते तर... पण लाकडाला कुठले तोंड?

उत्सवात दर वर्षी एका मानाच्या बाईला पर्वतमाता करतात. ती म्हणजे मायदेशाचेच रूप. पांढरा पोशाख, हिरवा झगा, डोक्यावर मुकुट, आणि तिचे भाषण. रुनाने सत्तरी ओलांडली त्यानंतर एका वर्षी तो मान तिला मिळाला. समितीचा प्रमुख स्काफ्टी मला न्यायला घरी आला. तो रुनाच्या शाळेतला सोबती. खुर्चीत बसून त्याने दातांत साखरेचा खडा धरला आणि त्यावरून कॉफी ओढत म्हणाला, "काय राणीसरकार, तयारी झाली?"

"राणी कसली रे? खुंटी आहे मी. मुकुट टांगायला."

"भाषण तरी लिहिलंस का?"

"डोक्यात आहे." आणि रुनाने त्याला सांगितले, ती कशावर बोलणार ते.

स्काफ्टीने कप खाली ठेवला. "रुना, हे बघ. खरं असेल, मी नाही म्हणत नाही. पण लोक पोराबाळांना घेऊन लांबून येतात. गोड धिरडी खायची, कुस्ती बघायची, जरा छाती फुगवून घरी जायचं. त्यांच्यापुढं तू देवी काढणार? आजार आपण आणला म्हणून सांगणार?"

"आपणच आणला."

"मुद्दाम आणला का?"

"नाही. पण आणला."

"तुझी आई असती तर तिनं बोलू दिलं असतं तुला?"

रुना उठून माझ्याजवळ आली. तिने माझ्या चाकावर हात टेकला. मला वाटते, आधारासाठी. "आईनं नाहीच बोलू दिलं. म्हणून तर एवढी वर्षं पोटात घेऊन बसलेय. मी थकले रे, स्काफ्टी. हे ओझं उतरवायला एवढी एकच जागा मिळतेय, तर तिथंही तू आडवा पडतोस?"

"आडवा नाही पडत. सावध करतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत तर मग माझ्याकडे बघू नकोस."

"तू वाजव की."

"बघू," स्काफ्टी म्हणाला. मला उचलताना तो कण्हला. मी जड झालो होतो की तो म्हातारा, कुणास ठाऊक.

उत्सवाच्या दिवशी ऊन कडक होते. जड झग्यात रुना घामाने भिजली होती. तिने आधी आइसलँडच्या भाषेत चार वाक्ये म्हटली, जशी सगळ्याजणी म्हणतात. मग ती इंग्रजीत बोलू लागली. "दर वर्षी या मंचावरून सांगतात की इथं कुणी नव्हतं. माझ्या आजीच्या दारात एक बाई उभी होती." आणि तिने सगळे सांगितले. मोजलेल्या बोटांपाशी लोक हसले. छपरावरच्या पेटीपाशी काहींनी माना खाली घातल्या, कारण त्यांच्या पूर्वजांच्या छपरांवरही तशा पेट्या होत्या. पण जाळलेल्या घरांपाशी ती आली तेव्हा खुर्च्या करकरू लागल्या. एक कुटुंब उठून गेले. रुना बोलतच राहिली. "माझी आई वाचली म्हणून मी आहे. ती ज्या मांडीवर वाचली, त्या बाईची स्वतःची मुलगी वाचली नाही. एवढंच मला सांगायचं होतं." असे म्हणून ती खाली बसली.

थोड्या टाळ्या वाजल्या, विखुरलेल्या. स्काफ्टीने वाजवल्या नाहीत. तो आपल्या बुटांकडे पाहत उभा होता. लगेच बँडने पुढचे गाणे सुरू केले.

गर्दी पांगल्यावर रुना मंचावरच बसून होती, मुकुट मांडीत घेऊन. एक साठीतली बाई पायऱ्या चढून वर आली. खांद्यावर झोपलेला नातू, हातात त्याचे बूट. "मी लोरेन," ती म्हणाली. "तळ्याच्या वरच्या अंगाला आमची, सोल्तो लोकांची वस्ती आहे. नातवाला आकाशपाळण्यात बसवायला आणलं होतं. तुमचं बोलणं कानावर पडलं म्हणून थांबले."

रुना उठायला लागली. "बसा, बसा," लोरेन म्हणाली. स्काफ्टी खुर्च्या मिटत होता. त्याने एक खुर्ची पुन्हा उघडली, लोरेनच्या मागे आणून ठेवली, आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

"आमच्यात त्या हिवाळ्याचं सांगणारं कुणी उरलंच नाही," लोरेन म्हणाली. "माझी आजी म्हणायची, नदीच्या मुखाशी आपली माणसं होती. तेवढंच. कोण होती, कशी होती, काही नाही. आज पहिल्यांदा तिथलं कुणीतरी मला हसताना दिसलं." नातवाला तिने दुसऱ्या खांद्यावर घेतले. "तिचं नाव काय होतं?"

रुनाने मुकुट बाजूला ठेवला. "आजी तिला शेजारीण म्हणायची."

"हो, पण नाव?"

"ठाऊक नाही. आजीनं कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

लोरेनने हळूच विचारले, "आणि तिला तुमच्या आजीचं नाव ठाऊक होतं?"

"होतं," रुना म्हणाली. "ती दारातून हाक मारायची. ओनी म्हणायची." आणि एवढ्या वर्षांचे ओझे उतरवायला आलेली ती म्हातारी दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागली. लोरेन उठून गेली नाही. नातवाचे बूट खाली ठेवून तिने तो हात रुनाच्या पाठीवर ठेवला.

मित्रांनो, मी त्या ओंडक्यांच्या घरात होतो. हातमोजे दिले त्या दिवशी ओद्नीने पायपट्टी न थांबवता छातीवर हात ठेवून आपले नाव सांगितले होते, आणि त्या बाईनेही तिचे सांगितले होते. लांबलचक होते, एवढेच मला कळले. ओद्नीने दोनदा म्हणून पाहिले, जीभ अडखळली, दोघी हसल्या, आणि ओद्नीने पुन्हा धाग्यात लक्ष घातले. तिसऱ्यांदा तिने विचारले नाही. ते नाव ऐकणारे आज जगात कुणी असेल तर तो मी आहे. पण मी तेव्हा फिरत होतो, आणि फिरणारा चरखा स्वतःच्याच आवाजाने बहिरा असतो.

मला जपणारे पुष्कळ आहेत. धूळ पुसतात, वार्निश लावतात. लाकूड जपणे सोपे आहे हो. तुमच्या घरी माझ्यासारखे काही जुने असेल तर ते जरूर जपा. पण तुमच्या दारात कुणी तुमच्यासाठी काही घेऊन उभे राहिले, तर हातातले काम थांबवा आणि त्याला नाव विचारा. जीभ अडखळली तर पुन्हा विचारा. येईपर्यंत विचारा.